चिठ्ठी वाचताना कुठे बघायचं

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे कार्याध्यक्ष महोदय, रुग्णालयाच्या धबडग्यातून वेळ काढून आलेल्या प्रमुख पाहुण्या डॉक्टर मॅडम, आपल्या अध्यापक महाविद्यालयाचे प्राचार्य, आपले चांगले चाललेले वर्ग आमच्या नवशिक्यांच्या हाती सोपवण्याचं धाडस वर्षानुवर्षं करत आलेले सराव शाळांचे मुख्याध्यापक, पहिल्या रांगेत हातातला गुच्छ कुठे ठेवावा या विवंचनेत बसलेले बाईंचे यजमान, माझे सहकारी, आजी-माजी छात्रशिक्षक, आणि हे सगळं जिच्यामुळे चाललं आहे ती व्यक्ती, म्हणजे आमच्या बाई.

बाईंच्या मागे-पुढे मी एकही विशेषण लावलं नाही, हे काहींच्या लक्षात आलं असेल. विसरलो नाही. विशेषणं पेरलेली पाठाची टाचणं बाई कशी परत करत, हे इथल्या निम्म्या लोकांना ठाऊक आहे. लाल पेनाने गोल करायच्या आणि शेजारी लिहायच्या, ‘मुलांना काय कळलं?’ आज निरोपाच्या दिवशी तरी त्या पेनाला सुट्टी असावी, एवढीच माझी अपेक्षा.

बाईंनी आपल्याकडे सव्वीस वर्षं काय शिकवलं, असा प्रश्न बाहेरच्या माणसाने विचारला तर उत्तर द्यायला आपण जरा कचरतो. खरं ना? गणिताची अध्यापन पद्धती शिकवणाऱ्यांबद्दल आपण छाती पुढे काढून सांगतो. बाईंनी भावी शिक्षकांना लैंगिकता शिक्षण द्यायला तयार केलं. वयात येणाऱ्या मुलामुलींना त्यांच्या शरीराबद्दल, मनाबद्दल, कुणाचा स्पर्श चालेल नि कुणाचा चालणार नाही याबद्दल, वर्गात उभं राहून सरळ कसं सांगायचं, ते शिकवलं. आणि आपल्या वेळापत्रकात त्या तासाचं नाव काय होतं? अध्यक्ष महोदय, रागावू नका. पहिली नऊ वर्षं त्या चौकटीत ‘इतर’ एवढंच छापलेलं असायचं. आम्ही एकमेकांना विचारायचो, “आज ‘इतर’ आहे का?” एका वर्षी नवा कारकून आला, त्याने ‘इतर’ म्हणजे मोकळा तास समजून त्या वेळी वर्गाला रंग द्यायला माणसं बोलावली. बाईंनी रंगाऱ्यांनाही बसवून घेतलं. त्यांतला थोरला रंगारी जाताना म्हणाला, “बाई, पुढचा हात कधी मारायला येऊ?” भिंत एका हातातच झाली होती, हे मुद्दाम सांगतो.

पुढे त्या तासाला त्याचं खरं नाव मिळालं, ते आजच्या अध्यक्षांच्याच सहीने. गेल्या वर्षी तर ते स्वतः मागच्या बाकावर येऊन बसले आणि सगळ्यांबरोबर प्रश्नाची निनावी चिठ्ठीही लिहिली. कोणती चिठ्ठी त्यांची ते बाईंना ठाऊक आहे, आणि बाई सांगणार नाहीत. म्हणूनच अध्यक्ष आज इतके निवांत बसलेत.

आता पहिल्या तासाबद्दल. बाई फळ्यावर खडूने माणसाची बाह्याकृती काढायच्या. चित्रकला यथातथाच, त्यामुळे तो माणूस दरवर्षी थोडा सुजलेला दिसायचा. मग एकेकाने पुढे यायचं, छडी हातात घ्यायची आणि डोक्यापासून पायापर्यंत अवयवांची नावं सांगायची. अट एकच. आवाज कुठेही खाली जाता कामा नये. डोकं, मान, खांदा, छाती, पोट, इथवर सगळे वाघ. पुढे निम्म्यांना खोकला यायचा. कुणाची छडी पोटावरून एकदम गुडघ्यावर उडी मारायची. मी तर ‘पोट’ म्हटलं आणि थेट ‘घोटा’. बाई म्हणाल्या, “तुमचा माणूस बसतो कसा?” सगळा वर्ग हसला. मला धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं, असं झालं.

चार वेळा परत पाठवलं त्यांनी मला. पाचव्या वेळी मी म्हणालो ते आज या माईकवरून म्हणतो: छाती, पोट, शिश्न, योनी, मांडी, गुडघा. बघा, छप्पर जागेवर आहे. बाईंचं म्हणणं सरळ होतं. शिक्षकाचा आवाज ज्या शब्दापाशी खाली जातो, तिथे काहीतरी लाजिरवाणं आहे, एवढंच मूल शिकून जातं. मग त्या जागी कुणी त्रास दिला तरी ते मूल घरी सांगणार कुठल्या आवाजात?

हे त्यांनी फक्त आम्हाला लावलं असं नाही. यजमानांचं औषधांचं दुकान आहे. पाळीचे पॅड घ्यायला कुणी आलं की ते वर्तमानपत्रात गुंडाळून, वर दोरा बांधून देत. बाईंनी एक दिवस गल्ल्याशेजारी उभं राहून हे पाहिलं आणि विचारलं, “खोकल्याचं औषध असंच बांधून देता का हो?” त्या दिवसापासून दुकानातला दोऱ्याचा रीळ तसाच पडून आहे, असं यजमानांनीच मला मघाशी चहा पिताना सांगितलं. सांगताना आवाज अजिबात खाली गेला नाही, हे मी टिपून घेतलं.

पण बाईंची खरी ओळख म्हणजे चिठ्ठ्या. प्रश्न चिठ्ठीवर लिहून घ्यायची पद्धत अनेक ठिकाणी असते. बाईंच्या पद्धतीत तीन गोष्टी होत्या. पहिली, तीन मिनिटं वर्गातल्या प्रत्येकाचं पेन चालू राहिलं पाहिजे. ज्याला प्रश्न नाही त्याने सकाळपासून काय काय केलं ते लिहायचं. त्यामुळे कोण विचारतंय आणि कोण दात घासल्याचं वर्णन लिहितंय, ते शेजाऱ्यालाही कळत नाही. दुसरी, सगळे कागद एका मापाचे आणि घडी दोनदाच. तिसरी गोष्ट आम्हाला हास्यास्पद वाटायची. चिठ्ठी मोठ्याने वाचताना आणि उत्तर देताना शिक्षकाने मुलांकडे बघायचं नाही. मागच्या भिंतीकडे बघायचं. इतर सगळे प्राध्यापक सांगायचे, मुलांच्या नजरेला नजर द्या. बाई सांगायच्या, भिंतीकडे बघा. आम्ही पाठीमागे त्यांना ‘भिंतवाल्या बाई’ म्हणायचो. बाई, तुम्हाला हे माहीत होतं ना? मान हलवताहेत. माहीत होतं.

आता इथून पुढे मला जे सांगायचं आहे, ते मी बाईंना आधी दाखवलेलं नाही. शाळा कुठली, वर्ष कुठलं, हे मी सांगणार नाही. विचारूही नका.

मी छात्रशिक्षक होतो. सहा आठवडे एका शाळेत नववीच्या वर्गावर सराव करत होतो आणि त्या वर्गाच्या विज्ञानाच्या वह्या मीच तपासत होतो. परीक्षेचा मोठा पाठ मी याच विषयावर घेतला. निरीक्षणाला बाई मागे बसल्या होत्या. पाठ रंगला. मुलं मोकळी झाली, मीही झालो. खरं सांगायचं तर जरा जास्तच झालो. चिठ्ठ्या गोळा केल्या, पहिल्या चार भिंतीकडे बघून वाचल्या, उत्तरं दिली. पाचवी उघडली. तीत लिहिलं होतं, ‘वर्गातल्या सगळ्यांना पाळी आली आणि एकीला अजून आली नाही, तर ती मोठी झाल्यावर बाई होते का?’

प्रश्न वाचता वाचता माझ्या ध्यानात आलं की अक्षर ओळखीचं आहे. त्या अक्षरात एक खोड होती. कोणती, ते सांगणार नाही, बाई समोर बसल्या आहेत. सहा आठवडे मी त्या अक्षरातल्या वह्या तपासत होतो. आणि माझे डोळे आपसूक उठले आणि तिसऱ्या बाकावरच्या त्या मुलीवर जाऊन थांबले.

किती वेळ? एक क्षण. फार तर दोन. पण नववीचा वर्ग आहे तो. पन्नास माना माझ्या नजरेमागून वळल्या. कुणीतरी फिस्सकन हसलं. मुलीने मान खाली घातली, कान लालबुंद झाले. मी काहीतरी पुटपुटलो, ती चिठ्ठी खाली सरकवली, पुढची घेतली आणि कसाबसा पाठ संपवला. घंटा झाली तेव्हा माझा सदरा पाठीला चिकटला होता.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी मुख्याध्यापकांनी मला बोलावून सांगितलं, “तिचे वडील येऊन गेले. शाळा सोडल्याचा दाखला कधी मिळेल, विचारत होते. मुलगी म्हणते, त्या वर्गात पाय ठेवणार नाही.”

मी तिथून तडक बाईंच्या खोलीत गेलो. ती खोली आपल्या सगळ्यांना माहीत आहे, जिन्याखालची, जिथे उभं राहिलं की डोक्याला पायरी लागते. मी म्हणालो, “बाई, मी तिच्या घरी जातो. हात जोडून माफी मागतो.”

बाई टाचणं तपासत होत्या. वर न बघता म्हणाल्या, “नका जाऊ.”

“पण चूक माझी आहे.”

“म्हणूनच नका जाऊ. दारात मास्तर उभा राहिला की शेजारी विचारतात, का आला होता? मग तिच्या आईने काय सांगायचं? तुमचं मन हलकं होईल हो. तिचं काय होईल?”

मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, “त्या प्रश्नाचं उत्तर काय दिलंत?”

मला आठवेना. आठवेना, कारण दिलंच नव्हतं. गेले चार दिवस मी माझ्या नजरेचा विचार करत होतो, माझ्या लाजेचा, माझ्या परीक्षेचा. एक पोर विचारत होती की मी बाई होणार की नाही, आणि तिला उत्तर द्यायचं राहिलंय, हे माझ्या गावीही नव्हतं.

मी म्हणालो, “बाई, हे काम माझं नाही. मी हा विषय सोडतो. गणित घेतो.”

त्यावर बाई चिडतील असं मला वाटलं होतं. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, “मी इथे यायच्या आधी अकरा वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. अकराही वर्षं तो धडा आला की ‘हा घरी वाचून या’ म्हणून पानं उलटली. मी कुणाकडे चुकीचं बघितलं नाही. कुणी शाळा सोडली नाही. माझ्यावर कधी तक्रार नाही. पण त्या अकरा वर्षांतल्या मुलींनी कुणाला विचारलं असेल, आणि त्यांना काय उत्तर मिळालं असेल, ते मला आता कधीच कळायचं नाही. तुमची चूक निदान तुम्हाला दिसते तरी आहे. चूक वर्गात झाली ना? मग वर्गात जाऊन दुरुस्त करा. सोमवारी. त्याच तासाला.”

“पण ती मुलगी तर वर्गात नसणार.”

“असला प्रश्न वर्गात एकटीचा कधी नसतो. तुम्ही उत्तर द्या. ते कुठे पोचायचं तिथे पोचेल.”

सोमवारी मी गेलो. दारातून आत पाऊल टाकलं आणि मागून आवाज आला, “सर, आज कोणाकडे बघणार?” वर्ग खदखदून हसला. मी हसणं संपेपर्यंत थांबलो. मग म्हणालो, “मागच्या वेळी मी चुकलो. चिठ्ठी कोणाची ते मला माहीत नव्हतं. मी अंदाज केला आणि एकीकडे बघितलं. शिक्षकाने असा अंदाज करायचा नसतो. तुम्ही माझ्यामागून बघितलंत, त्यात तुमचा दोष कमी आहे, माझा जास्त. आणि त्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं नाही. आज देतो.”

डॉक्टर मॅडम, आता तुमच्यासमोर बोलताना भीती वाटते, चुकलो तर सांभाळून घ्या. मी सांगितलं की कुणाला दहाव्या वर्षी पाळी येते, कुणाला चौदाव्या, प्रत्येकीचं शरीर आपल्या वेळेने चालतं. पंधरा वर्षं पूर्ण झाली आणि तरीही आली नाही तर आईला किंवा घरातल्या मोठ्या माणसाला सांगून डॉक्टरांकडे जायचं. पुष्कळदा काळजीचं काही नसतं, आणि असलं तर डॉक्टर त्यावर मार्ग सांगतात. आणि पाळी उशिरा आली, अगदी आलीच नाही, तरी त्या मुलीत काही उणं नसतं. ती मोठी झाल्यावर बाईच होते. हे सगळं मी भिंतीकडे बघून सांगितलं. नंतर चिठ्ठ्या घेतल्या, त्यांतल्या तीन चिठ्ठ्या एकाच गोष्टीच्या होत्या. एकीत होतं, ‘डॉक्टर बाईच असतात का?’ दुसरीत, ‘आईला सांगायची सुरुवात कशी करायची?’ तिसरीत, ‘तिकडे गेल्यावर काय काय विचारतात?’ बाईंचं म्हणणं तंतोतंत खरं निघालं होतं.

आणि त्या गुरुवारी ती मुलगी शाळेत आली.

मी प्रयोगशाळेत तक्ते गुंडाळून ठेवत होतो. ती दारात येऊन उभी राहिली. पाठीमागे व्हरांड्यात बाई निरीक्षण वही घेऊन उभ्या होत्या, हे तिला दिसत नव्हतं, मला दिसत होतं. ती एका दमात म्हणाली, “सर, ते अक्षर माझं होतं. पण प्रश्न माझा नव्हता. तिचा हात थरथरत होता म्हणून मी लिहून दिला.”

आपण जरा याचा विचार करावा. चौदा वर्षांची मुलगी. सगळा वर्ग तिच्याकडे वळून बघतो, हसतो. ‘माझा नाही, हिचा आहे’ एवढे चार शब्द बोलली असती तर सुटली असती. ती बोलली नाही. घरी बसली, वडिलांचा ओरडा खाल्ला, शाळा सुटायची वेळ आली, आणि तरीही मैत्रिणीचं नाव तिच्या तोंडून निघालं नाही. बाईंचे नियम वर्षभर वहीत उतरवून घेतलेला मी, आणि एकही नियम ठाऊक नसलेली ती. त्या दिवशी शिक्षक कोण होतं?

माझ्या तोंडावर शब्द आले होते, ‘मग कोणाचा?’ अगदी ओठांवर. माणूस आहे, उत्सुकता वाटतेच. मी व्हरांड्यात बघितलं. बाई माझ्याकडेच बघत होत्या. चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं, त्यांनी मला एका भुवईचीही मदत केली नाही. मी ते शब्द गिळले आणि विचारलं, “जिचा असेल तिला उत्तर पोचलं का?”

ती म्हणाली, “पोचलं. रविवारी आईला सांगणार आहे.” आणि वर्गात निघून गेली.

बाईंनी तिथेच भिंतीला वही टेकवून काहीतरी लिहिलं. दोन दिवसांनी माझी निरीक्षण वही हातात आली तेव्हा मोठ्या पाठाच्या पानावर जुना शेरा तसाच होता, ‘पाठ अपूर्ण’. त्याखाली गुरुवारची तारीख घालून लिहिलं होतं, ‘पाठ पूर्ण झाला.’ बाईंनी माझ्याबद्दल आयुष्यात लिहिलेलं सगळ्यात चांगलं वाक्य तेच. यापुढेही दुसरं येईल अशी आशा मी बाळगत नाही.

बाई, तुम्ही तयार केलेले शिक्षक आज कितीतरी शाळांत आहेत. त्यांतले काही चुकत असतील, काहींचा आवाज अजूनही खाली जात असेल. पण कुठल्याशा वर्गात एखादं मूल या क्षणी चिठ्ठी लिहीत असेल, आणि ती वाचणारा तिथे कुणीतरी आहे, हे तुमच्यामुळे आहे. तुमचा खडूसपणा आम्हाला फार आवडत होता असं मी म्हणणार नाही. मात्र तुम्ही आम्हाला भेटला नसता तर आम्ही सगळे फार सज्जन, फार लोकप्रिय आणि अगदीच निरुपयोगी शिक्षक झालो असतो. माझं तुमच्यावर फार प्रेम आहे. हे वाक्य तुम्ही लाल पेनाने गोल केलंत तरी चालेल.

सोमवारपासून हा विषय मी शिकवणार आहे. जिने ही जबाबदारी माझ्यावर टाकली त्या संस्थेचे, आजच्या अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, शाळांचे आणि इतका वेळ चुळबूळ न करता ऐकून घेणाऱ्या आपणा सर्वांचे मी मनापासून आभार मानतो.

शेवटी, बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर श्रोत्यांकडे क्षमा मागायची असते. आपण ती कराल, याची मला खात्री आहे. आपलं मी फारसं काही बिघडवलेलं नाही, फार तर दहा मिनिटं जास्त घेतली. पण एका माणसाची क्षमा मागायची माझी खरोखर राहिली आहे. प्रयोगशाळेच्या दारात ती समोर उभी होती, तेव्हाही मागायची राहून गेली. पुढे ती दहावी झाली, शाळेतून गेली, आज कुठे आहे मला ठाऊक नाही, आणि मी शोधलंही नाही. तिच्या दारात जायला बाईंनी मनाई केली होती, आणि ते बरोबरच होतं. इथे कुठलं दार नाही, शेजारी नाहीत, नाव नाही. म्हणून आज मागतो. मुली, तू काहीच चुकली नव्हतीस. चुकलो मी होतो. मला क्षमा कर.